शुक्राची हवा

माझा आवाज बरा आहे, आणि आजवर मी त्याच्यावरच पोट भरत आले. आधी एका लोकल केबल चॅनलवर बातम्या वाचायचे. कुठल्या सेक्टरला उद्या पाणी नाही, कुठल्या नाल्यावर पूल होतोय, असल्या. ते चॅनल बंद पडलं आणि घरी बसायची वेळ आली. तेव्हा आपांचा फोन आला. आपा मूळच्या उरणच्या, तिकडेच कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. ग्रहणावर एकदा मी त्यांची मुलाखत घेतली होती, तेवढीच ओळख. रिटायर झाल्यावर त्यांनी एक फिरतं तारांगण घेतलं होतं, शाळाशाळांतून दाखवायला.

"मला सगळं माहीत आहे गं," त्या म्हणाल्या, "पण माझा आवाज ऐकून मुलं झोपतात. तू बोलशील?"

मी हो म्हटलं.

फिरतं तारांगण म्हणजे एक मोठा गोल तंबू. त्याला खांब नाही, काठी नाही. बाहेर एक ब्लोअर ठेवायचा, तो सतत हवा आत ढकलत राहतो, आणि त्या हवेवर तंबू फुगून उभा राहतो. आत शिरायला कापडाचाच एक बुटका बोगदा, त्यातून वाकून जायचं. मध्ये प्रोजेक्टर, भोवती मुलं जमिनीवर. दिवे गेले की वरचं कापड म्हणजे आकाश. आपा लॅपटॉप सांभाळायच्या, मी अंधारात माईक धरून बोलायची. पहिल्यांदा आत गेले तेव्हा मला वाटलं होतं, आपण कुणाच्या तरी पोटात बसलोय.

सगळ्या शाळांना मंगळ हवा असायचा. आपांनी मात्र शुक्राचा भाग घालायचाच असा हट्ट धरला.

"मंगळाच्या मागे सगळं जग लागलंय," त्या म्हणाल्या. "आपल्या सगळ्यात जवळ येतो तो शुक्र. आकाराने जवळजवळ आपल्याएवढा, आपल्यासारखाच दगडाचा. त्याचं काय होऊन बसलंय ते पोरांना कळू दे."

शुक्र मला माहीत होता तो आईमुळे. आम्ही घणसोली गावचे, आगरी. लग्नाआधी आई मिठागरात कामाला जायची. ती सांगायची, "ती चांदनी वर आली का आमी निंगायचो. ती हाय तवर काय भ्या नाय." पहाटेच्या अंधारात बायकांची रांग बांधावरून चालायची, आणि सोबतीला ती एवढी ठळक चांदणी. माझ्या मनात शुक्र म्हणजे हे, आणि बायकांच्या हातातल्या टोपल्या.

आपांनी लिहिलेलं मी त्यांच्याच घरी, डायनिंग टेबलावर बसून वाचलं. त्यांनी सगळं सरळ, साधं लिहिलं होतं. शुक्राला पांढऱ्या ढगांनी पुरतं झाकलंय, त्यात एवढीसुद्धा फट नाही. ते ढग पाण्याचे नाहीत, तीव्र आम्लाचे आहेत. त्यांतून पाऊस पडतो, पण जमिनीला लागत नाही. वाटेतच त्याची वाफ होते. खाली जमीन इतकी तापलेली की शिसं ठेवलं तर वितळून वाहायला लागेल. आणि हवा. हवेचा भार असा की समुद्रात जवळजवळ एक किलोमीटर खोल गेल्यावर अंगावर जेवढा येईल, तेवढा तिथे नुसतं उभं राहिल्यावर. माणसाने यानं पाठवली, ती उतरलीही. दगडांचे थोडे फोटो आले, आणि दोन-अडीच तासांच्या आतच सगळी कायमची गप्प झाली.

मी कागद खाली ठेवला. "तिथे सावलीत तरी थोडं थंड असेल ना?"

"सावलीचा काय उपयोग? ती जमीन नुसत्या उन्हाने तापलेली नाही. आत आलेली उष्णता हवा बाहेरच सोडत नाही. रात्री तेवढंच गरम, ध्रुवावर तेवढंच गरम."

"म्हणजे कुठे पळायचंच नाही."

"पळणार कुठे? हवेतून?"

असं म्हणून त्या चहा टाकायला उठल्या. मी मात्र तशीच बसले. मला तसं भित्रं कुणी म्हणणार नाही. गावात साप निघाला की पोरं मला बोलवायची. पण साप एका जागी असतो. पळायला दार असतं, हातात काठी असते. हवाच उलटली तर काय करायचं, हे माझ्या डोक्यात शिरलं आणि निघेना. त्या दिवशी आपांच्या घरून घणसोलीपर्यंत रिक्षाने आले, आणि सगळ्या वाटेत मी श्वास मोजूनमापून घेत होते. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात संध्याकाळी कधीकधी वास येतो. कधी सडक्या कोबीसारखा, कधी औषधासारखा. लोक म्हणतात, "आज सोडलंय वाटतं," आणि खिडकी लावून सिरियल बघायला बसतात. मीही तेच करत आले होते. त्या संध्याकाळपासून मात्र खिडकी लावताना हात थोडा घाईने चालायला लागला.

मुलांना शुक्र फार आवडला. ती घाबरायची आणि त्यांना घाबरायला आवडायचं. वर पिवळसर आकाश गोल फिरायला लागलं, माझा आवाज खाली आला की अंधारात चुळबुळ थांबायची. एकमेकांचे हात धरलेले कळायचे. मग पुढे तारे आले की मोठा सुस्कारा. शिक्षिका म्हणायच्या, "काय शांत बसली हो पोरं." आम्ही तो भाग कितीतरी शाळांत केला.

ती शाळा आमच्या शेजारच्या कोपरखैरण्यातली. थंडीचे दिवस होते. सकाळी त्या भागात धुरकं असतं, समोरच्या इमारती फिकट दिसतात आणि वारा अजिबात नसतो. आमचा तंबू तळमजल्यावरच्या हॉलमध्ये लावला होता. ब्लोअर आम्ही खिडकीशी ठेवला, म्हणजे ताजी हवा आत जाईल. नेहमी तसंच ठेवायचो.

सातवीचा वर्ग होता. मुलं बूट काढून रांगेत उभी होती. त्यांच्या बाई, म्हणजे वर्गशिक्षिका, एका मुलीचा हात धरून माझ्याकडे आल्या. मुलगी बारीक, दोन घट्ट वेण्या, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"हिला दम्याचा त्रास आहे," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं बस बाहेर, तर ऐकत नाही."

"मला बघायचंय," मुलगी म्हणाली.

"मग बोगद्याजवळ बस," मी म्हटलं. "त्रास झाला तर लगेच बाहेर."

तिने मान डोलावली. पण मुलं आत शिरली की जागेसाठी ढकलाढकली होतेच. अंधार झाल्यावर कोण कुठे बसलंय हे मला दिसत नव्हतं.

सूर्य झाला, बुध झाला, मुलं हसत-खिदळत होती. मग आपांनी शुक्र लावला. वरचं कापड पिवळं झालं. मी आवाज खाली आणला आणि सुरू केलं. आता आपण ढगांतून खाली उतरतोय. खाली, अजून खाली. हवा जड होतेय. आणि तेवढ्यात माझ्या नाकात काहीतरी गेलं.

पहिल्यांदा वाटलं, प्रोजेक्टर जळतोय. मी बोलणं न थांबवता आपांकडे पाहिलं. लॅपटॉपच्या उजेडात त्या पण नाक वर करून हुंगत होत्या. त्यांनी प्रोजेक्टरवर हात ठेवला आणि नाही म्हणून मान हलवली. तोवर वास वाढला होता. नाकातून सरळ कपाळात जाणारा, तिखट. एक जण खोकला, मग दुसरा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मागून एक मुलगा म्हणाला, "शुक्राची हवा आली."

दोन-तीन जण हसले. हसता हसताच खोकायला लागले. मग कुणी हसलं नाही.

मला ते वाक्य आजही तसंच ऐकू येतं. त्याने ते मस्करीत म्हटलं होतं. पण अंधारात, त्या पिवळ्या आकाशाखाली, पहिल्या क्षणाला मला ते खरं वाटलं. क्षणभरच. एवढी मोठी बाई मी, आणि मला वाटलं की आपण बोललो आणि ते आलं. मग बोगद्याच्या तोंडाशी कापड फडफडलं, तोंडावर हवेचा झोत आला आणि डोक्यात लख्ख पडलं. वास बाहेरून येतोय, आणि आमचाच ब्लोअर तो ओढून आत भरतोय.

आपांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं. त्या माझ्या कानाशी आल्या. "ब्लोअर बंद केला तर तंबू बसेल."

"आधी मुलं बाहेर," मी म्हटलं.

"मी बाहेर बघते. तू सोड त्यांना एकेक करून." त्या वाकून बोगद्यातून गेल्या.

मी माईक तोंडाशी धरला. बातम्या वाचताना शिकलेली एकच गोष्ट उपयोगी पडली: आवाज सपाट ठेवायचा. "मुलांनो, आजचा शो इथे थांबवतोय. सगळ्यांनी रुमाल नाकाला लावा. बोगद्याजवळचे आधी. पुढच्याचा शर्ट धरायचा, ढकलायचं नाही. बूट बाहेर राहू देत." बाई पुढे गेल्या आणि बोगद्यातून एकेकाला बाहेर ओढायला लागल्या. मुलं जात होती. कुणीतरी रडत होतं, पण जात होती.

साधारण निम्मी बाहेर गेली असतील, आणि वीज गेली.

नंतर कळलं, शाळेच्या शिपाईकाकांनी मेन स्विच खाली ओढला होता. गॅस असला की ठिणगी नको, एवढं त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ब्लोअर थांबला. प्रोजेक्टर विझला, जुन्या बॅटरीचा लॅपटॉपही. आत पुरता काळोख झाला आणि इतका वेळ कानाशी असलेली पंख्याची घरघर एकदम नाहीशी झाली. त्या शांततेत वरून सळसळ ऐकू आली. कापड खाली येत होतं.

ते धाडकन पडत नाही. हळूहळू बसतं. ते हळूहळूच वाईट. आधी माझ्या केसांना लागलं, मग कपाळाला. मुलांनी किंचाळायला सुरुवात केली. आत्ताच मी त्यांना सांगितलं होतं ना, तिथली हवा वरून दाबते म्हणून.

"हात वर करा," मी ओरडले. आता माईक नव्हता. "सगळे उभे राहा. हात वर. कापड उचलून धरा. ते नुसतं कापड आहे, हलकं आहे, बघा."

मी दोन्ही हात वर केले. माझ्या बाजूच्या मुलांनी केले. अंधारात हात हाताला लागत होते. कापड आमच्या बोटांवर येऊन थांबलं, आणि त्या कापडाखाली वाट तयार झाली. उंच मुलं तशीच उभी राहिली, बुटकी त्यांच्या मधून बोगद्याकडे सरकली. बोगदाही बसला होता. बाई बाहेरून तो हातांनी फाकवून धरत होत्या, आणि तिथून करड्या उजेडाची एक फट दिसत होती. मी त्या फटीकडे बघत राहिले. खांदे भरून आले होते, घसा जळत होता, आणि डोक्यात एकच चाललं होतं: आता मी पडले तर हे सगळं यांच्यावर येईल.

शेवटचा उंच मुलगा गेला तशी मीही बाहेर आले. हॉलमध्ये वास आणखी दाट होता. आपांनी खिडक्या लावल्या होत्या, पण त्या जुन्या, नीट बसत नव्हत्या. मुलं अनवाणी भिंतीशी उभी होती. एक जण तिथेच खाली बसायला लागला तर आपांनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"खाली कुणी बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "ही हवा जड आहे, खाली साचते. वर चला. जिन्याने वर, एकदम वरच्या मजल्यावर."

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात आल्या होत्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसतं "चला" म्हणाल्या आणि बाकीचे वर्ग वर न्यायला वळल्या. मुलं जिन्याकडे निघाली. वर्गशिक्षिका दाराशी उभ्या राहून प्रत्येकाच्या डोक्याला हात लावत होत्या. शेवटचा मुलगा गेला आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"ती कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

मी वळून तंबूकडे पाहिलं. हॉलच्या मधोमध तो काळा ढीग पडला होता, अजून कुठे कुठे थोडा फुगलेला. त्यात काही हलत नव्हतं.

मला आत जायचं नव्हतं. हे मला लिहायलाच हवं, कारण नंतर लोकांनी मला फार शूर ठरवलं. आपा पुढे झाल्या, पण त्यांचे गुडघे मला माहीत होते; एकदा खाली बसल्या की उठायला दोघं लागायची. मग मी ओढणी भिजवली, कोपऱ्यात पिण्याच्या पाण्याचं पिंप होतं, त्यात. नाकाला बांधली आणि रांगत कापडाखाली शिरले.

आत काही दिसत नव्हतं. कापड पाठीवर, डोक्यावर, तोंडावर. ते हलकं आहे असं मीच मुलांना सांगितलं होतं. एकटीला ते हलकं लागत नव्हतं. श्वास घेतला की घशात सुया टोचल्यासारखं व्हायचं, म्हणून मी श्वास धरायची, आणि धरला की छातीत धडधड इतकी वाढायची की पुन्हा मोठा श्वास घ्यावा लागायचा. मी हाक मारली. मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं. "बाळा," म्हटलं, "कुठे आहेस? आवाज दे."

उत्तर आलं नाही. मी हलायची थांबले. कान दिले. तेव्हा एक बारीक आवाज आला, शिटीसारखा. थांबायचा, पुन्हा यायचा. तो तिचा श्वास होता.

ती बोगद्याच्या अगदी उलट्या टोकाला होती. प्रोजेक्टरच्या पेटीमागे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. माझा हात तिच्या वेणीला लागला. तिने लगेच माझं मनगट पकडलं, आणि इतकं घट्ट की मला रडू आलं. तिला बोलता येत नव्हतं. मी तिला पोटाशी धरलं, ओढणीचा दुसरा पदर तिच्या नाकाला लावला, आणि निघाले. पण कुठे? कापडाखाली दिशा राहत नाही. मी ज्या बाजूने आले असं वाटत होतं त्या बाजूला गेले तर नुसतं कापडच. वळले, पुन्हा कापड. त्या वेळी मला खरी भीती काय असते ते कळलं. तोवरची सगळी भीती विचारांची होती. हिच्यात शब्दच नव्हते.

मग आपांचा आवाज आला. त्या हॉलमधून मोठ्याने, एका सुरात बोलत होत्या, वर्गात शिकवावं तसं. "माझ्या आवाजाकडे ये. मी बोलत राहते. सरळ ये. मी इथेच आहे. माझ्या आवाजाकडे ये." ज्या आवाजाने मुलं झोपतात असं त्या म्हणायच्या, त्या आवाजाच्या मागे मागे मी रांगत गेले. एका ठिकाणी कापड वर उचललं गेलं आणि आपांचे पाय दिसले.

जिना आम्ही कसा चढलो ते मला नीट आठवत नाही. वर्गशिक्षिकेने मुलीला उचललं होतं, मी मागून हात लावला होता. वरच्या वर्गात दोन-तीन वर्गांची मुलं दाटीवाटीने उभी होती. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली. मुलीचा पंप तिच्या दप्तरात, दप्तर तिच्या वर्गात. पण एका मुलाने आधीच धावत जाऊन ते आणलं होतं, कुणीही न सांगता. पंप तोंडाला लावला. एकदा, पुन्हा एकदा. वर्गात सगळे तिच्याकडे बघत होते. ती शिटी हळूहळू बारीक होत गेली. मग तिने डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली असेल?

"माझे बूट खाली राहिले."

तिच्या बाई तिथेच, फरशीवर बसून रडल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. वास गावापर्यंत गेला होता. "मी दारा-खिडक्या लावून बसलंय गो. नाकान काय तरी जातंय. तू कुठं हायस?"

"शाळेत," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर. तूही वर जा, भाडेकरूंच्या खोलीत जा. तोंडाला ओलं फडकं लाव."

"तुझा आवाज असा का आलाय?"

"काही नाही. तू वर जा आधी."

अग्निशमनाची गाडी आली, मागोमाग ॲम्ब्युलन्स आली. मुलीला दवाखान्यात नेलं. दुपार झाली तसा थोडा वारा सुटला आणि वास पातळ होत गेला. गेटशी पालकांची ही गर्दी. एका कंपनीच्या आवारात टँकर रिकामा करताना काहीतरी गळलं, एवढंच आम्हाला कळलं. काय गळलं ते शेवटपर्यंत नीट कुणी सांगितलं नाही. एकाने एक नाव सांगितलं, दुसऱ्याने दुसरं. संध्याकाळी लोक पुन्हा पाणीपुरीच्या गाडीवर उभे होते. मी त्यांना बघत रिक्षाने घरी गेले आणि मला कळेना की यांना भीती कशी वाटत नाही. की वाटते, आणि माझ्यासारखीच सगळ्यांनी खिडकीआड ठेवलेली असते.

माझा आवाज पुढे बरेच दिवस बसला. डॉक्टर म्हणाले घसा सुजलाय, उतरेल. तो उतरला. पण दुसरं काही उतरलं नाही. गॅसवर दूध करपलं तरी मी घराबाहेर यायची. आई म्हणायची, "आता निवांत हो ना," पण तीही रोज झोपायच्या आधी खिडक्यांच्या कड्या हाताने चाचपायला लागली होती. आपांनी शो बंद ठेवले. तंबू धुऊन गच्चीवर वाळत घातला, तरी त्याला वास आहे असं मला वाटायचं. त्यांना येत नव्हता.

मुलगी घरी आल्याचं कळलं तेव्हा आम्ही दोघी तिला बघायला गेलो. कोपरखैरण्यातच, सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. वडील न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, ते ड्यूटीवर होते. आईने दार उघडलं आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. मुलगी सोफ्यावर बसली होती. त्याच दोन घट्ट वेण्या. खिडक्या बंद होत्या, पंखा चालू होता.

पाणी झालं, बिस्किटं झाली. मग ती मला म्हणाली, "टीचर, तुम्ही मध्येच थांबलात. पुढे काय होतं?"

मी आपांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, सांगतेस?

"कशाच्या पुढे?" मी म्हटलं, वेळ काढायला.

"शुक्राच्या. आपण खाली उतरत होतो."

तिच्या आईचा चेहरा बदलला. "नको गं तो विषय," ती म्हणाली.

"मला ऐकायचंय. अर्धवट राहिलं तर जास्त भीती वाटते."

मग मी सांगितलं. माईक नाही, अंधार नाही, आवाज अजून फाटलेला. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो, कारण तो ग्रह उलटा फिरतो. आणि फिरतो इतका सावकाश की त्याचं स्वतःभोवती एक फिरणं त्याच्या वर्षापेक्षा मोठं. ढगांतून लालसर उजेड खाली येतो. जमिनीवर चपटे दगड आहेत, ज्वालामुखी आहेत. काही शास्त्रज्ञांना वाटतं की फार पूर्वी तिथे पाणी असेल, कदाचित समुद्रसुद्धा. नक्की माहीत नाही.

"मग तिथली हवा कुणी बिघडवली?"

याचं उत्तर आपांनी दिलं. "कुणी नाही. सूर्य जवळ, पाणी आटत गेलं असेल, वायू साचत गेला. एकदा साचायला लागला की थांबवणारं काही नव्हतं."

"तिथे कुणीच नव्हतं?"

"आपल्याला माहीत आहे तेवढ्यात, कुणीच नव्हतं."

मुलगी बिस्किटाचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. "मग कापडसुद्धा कुणी धरलं नसेल," ती म्हणाली.

तिची आई उठून आत गेली आणि आतून नळाचा आवाज येत राहिला.

आम्ही शो पुन्हा सुरू केले, पण त्याला बरेच महिने गेले. आता शाळेत गेल्यावर आधी बाहेर पडायचा सराव होतो, मग आकाश. तंबूला मागच्या बाजूने आणखी एक दार शिवून घेतलंय. लॅपटॉप आत आपांचा एक जुना विद्यार्थी बघतो, आणि आपा स्वतः बाहेर ब्लोअरशेजारी खुर्ची टाकून बसतात, खिडकीकडे तोंड करून. त्या पुस्तक घेऊन बसतात, पण पान उलटताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

शुक्राचा भाग मी वगळला नाही. आपा म्हणाल्या होत्या, वगळ हवं तर. मी वगळला नाही, कारण ती मुलगी म्हणाली ते खरं होतं. पण तो बोलताना आता मी आवाज खाली आणत नाही. सरळ बोलते, बातम्या वाचाव्यात तशी. मुलं पूर्वीइतकी घाबरत नाहीत, आणि त्यांच्या शिक्षिकांना तो भाग थोडा नीरस वाटतो, असं एकदोघींनी सांगितलंसुद्धा. त्यांना मी काय सांगणार? पिवळं आकाश डोक्यावर फिरत असतं, मी ढग सांगते, आम्ल सांगते, दगड सांगते, आणि माझं सगळं लक्ष माझ्या नाकाशी असतं.